बंबखान्यावरची खिडकी

माझं सलून बाजारचौकात आहे आणि माझी जीभ तिखट आहे, या दोन्ही गोष्टी एर्लेनग्रुंड गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक. त्या जिभेपायीच लोकांनी मला नगरपरिषदेवर पाठवलं असावं, नाहीतर डोक्यांना रंग फासणाऱ्या बाईला तिथे कोण विचारतंय. परिषदेत आम्ही पंधरा जण. सहा ‘आपली माती’ गटाचे. उरलेले नऊ इकडचेतिकडचे: कुणी चर्चवाले, कुणी जुने डावे, कुणी माझ्यासारखे कुठल्याच झेंड्याखाली नसलेले, आणि त्यातच आमच्या नगराध्यक्षाबाई.

‘आपली माती’चा पुढारी सिल्वियो वायगेल्ट. वीजकामाचा त्याचा धंदा आहे. तो ओरडत नाही, हेच तर दुखणं. ओरडला असता तर लोकांनी कानांवर हात तरी ठेवले असते. हिवाळ्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसतो, जिन्यातला दिवा गेला तर फुकट बसवून देतो, आणि परिषदेत बसला की विचारतो, ग्रंथालयात परकी पुस्तकं किती? पुढच्या बैठकीत, बालवाडीत परकी नावं किती? त्याच्या पुढच्या बैठकीत, पोहायच्या तलावावर परकी पोरं किती? दर खेपेला एक ‘किती’ असतोच. उत्तर ऐकायला थांबतो म्हणाल तर तसंही नाही. प्रश्न विचारतानाचा व्हिडिओ निघाला की त्याचं काम झालं. सांडपाण्याच्या नळांचा विषय आला की सहाच्या सहा सिगारेटी ओढायला बाहेर. अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्यांच्यातला एक चक्क घोरत होता. पण गावाला नळ दिसत नाहीत, व्हिडिओ दिसतो.

माझ्या सलूनसमोर चौकापलीकडे जुना बंबखाना आहे. आगीचे नवे बंब गावाबाहेर गेले, खाली कोठार झालं, आणि वरच्या तीन खोल्या नगरपालिकेने रुदैनाला भाड्याने दिल्या. करार वर्षावर्षाचा, परिषदेने वाढवून द्यायचा. रुदैना सीरियातली. इथे वृद्धाश्रमात काम करते, करायची. नवरा निजार मालट्रकवर, शनिवार-रविवारी तेवढा घरी. तालिया आणि जूद या दोन मुली आणि धाकटा कैस. दर गुरुवारी ती आश्रमातल्या इर्मट्राउड आजींना चाकाच्या खुर्चीत बसवून माझ्याकडे केस धुवायला आणायची. आजींना कालचं आज आठवत नाही, पण रुदैनाचा हात ओळखू यायचा. मी विंचरायला घेतलं की म्हणायच्या, तू नको, तू ओढतेस. मग मी धुवायचे आणि रुदैना विंचरायची. पैसे मात्र माझे, असं मी दर वेळी चिडवायचे आणि ती दर वेळी हसायची.

ते राहायला आले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आमच्या डोंगरात नाताळाच्या आधीचा महिना लागला की घराच्या खिडकीत लाकडी बाहुल्या मांडतात, हातात दिवे धरलेल्या. घरात जेवढ्या मुली तेवढ्या पऱ्या, जेवढे मुलगे तेवढे खाणकामगार. खाणीतून अंधारात परतणाऱ्या बापाला लांबून कळावं, आपली लेकरं घरात आहेत. खाणी बंद झाल्या, बाहुल्या राहिल्या. अजून चौकातून एक चक्कर मारली तर कुणाच्या घरी किती पोरं ते विचारावं लागत नाही. तर त्या वर्षी इर्मट्राउड आजींनी माझ्या काचेतून समोर बोट दाखवलं आणि म्हणाल्या, त्या घरात मूल नाही वाटतं, बिचारी. खुर्चीमागे रुदैना उभी. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं ते आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तशीच गॉटहार्टकडे गेले. गॉटहार्ट आमचा जुना लाकूडकातारी आणि परिषदेतला आमचा वडीलधारा. गावात मूल जन्मलं की तो सांगायची वाट न बघता एक बाहुली कातून दारात नेऊन ठेवतो, ही त्याची रीत. पंचाहत्तरी उलटली तरी सोडलेली नाही. मी म्हटलं, तीन बाकी आहेत तुझ्या. त्याने कपाळाला हात लावला. त्याच आठवड्यात दोन पऱ्या आणि एक खाणकामगार बंबखान्याच्या खिडकीत उभे राहिले. तालियाने तेव्हा मला विचारलं होतं, मार्लीस मावशी, मी मोठी ना, मग माझी परी उंच का नाही? गॉटहार्टने ती परी परत नेली आणि खाली एक चौथरा जोडून आणून दिली.

गेल्या शरदात सिल्वियोने ठराव आणला: रुदैनाचा करार वाढवू नये, तिथे ‘परंपरा दालन’ करावं. कोरीवकाम, लेस, जुनी खाणगाणी, सगळं पुढच्या पिढीसाठी. दालनाला जागा हवी हे खोटं नव्हतं. पण शाळेचा रिकामा मजला त्याला चालेना, स्टेशनचं जुनं घर चालेना. बंबखानाच हवा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

ठरावाची बातमी फुटली आणि आमच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. माझ्या काचेवर कुणीतरी रात्रीतून डांबर फासलं. गॉटहार्टच्या गाडीच्या चाकाचे नट कुणीतरी सैल केले. घाटात उतरताना त्याला आवाज आला म्हणून वाचला. सिल्वियोने दोन्ही गोष्टींचा निषेध केला, व्हिडिओत, तोंड पाडून. आणि माझी काच पुसायला दोन माणसं पाठवली. मी त्यांना झाडू दाखवला.

तरी मला काळजी नव्हती. बाकीचे आठही माझ्याशी बोलले होते. कुणी केस कापताना, कुणी भाजीच्या गाड्यावर, नगराध्यक्षाबाई तर डोक्यावर रंगाचे चिमटे असताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या की त्या पोरांना घराबाहेर काढणारी मी नव्हे. मी रुदैनाला सांगून टाकलं, नऊ विरुद्ध सहा, निवांत झोप. तिने सणासुदीला भरतात तसा डबा भरून खजुराच्या वड्या आणून दिल्या. सगळ्यांना वाटा म्हणाली. मी बैठकीत नेऊन खरंच वाटल्या आणि सगळ्यांनी खाल्ल्या.

बैठकीला खुर्च्या पुरेनात इतके लोक. सिल्वियो उठला, कोटाचं बटण लावलं, आणि गोड आवाजात बोलला.

“त्या बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. कष्टाळू आहेत. माझ्या आजीला शेवटी त्यांनीच सांभाळलं, मी विसरलेलो नाही. पण घर गावाचं आहे. गावाला स्वतःसाठी तीन खोल्या मागायचीही आता लाज वाटायला लागली का, एवढंच मला विचारायचंय.”

मागे टाळ्या पडल्या. त्याच्या माणसाने फोन वर धरून आमचे एकेकाचे चेहरे टिपायला सुरुवात केली, सावकाश, डावीकडून उजवीकडे. आमच्या रांगेतली माणसं टेबलावरचे कागद नीट करू लागली.

तेव्हा गॉटहार्ट उभा राहिला आणि त्याने गुप्त मतदान मागितलं.

का मागितलं हे इथल्या माणसालाच कळेल. पूर्व-पश्चिमेमधली भिंत पडली त्याच्या आधीच्या वसंतात जुन्या कम्युनिस्ट राजवटीतलं शेवटचं मतदान झालं. मतदान कसलं, घड्या घालणं. कागद मिळायचा, त्याची घडी करायची, पेटीत टाकायची, घरी जायचं. कोपऱ्यात पडदा असायचा, पण तिकडे जाणाऱ्याचं नाव टिपलं जायचं, म्हणून कुणी जात नसे. गॉटहार्ट गेला. भरल्या खोलीत, बुटांचा आवाज करत, पडद्याआड गेला आणि कागदावरच्या नावांवर काट मारून आला. त्यापायी त्याच्या पोराला विद्यापीठाचं दार बंद झालं. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं: माणसाला पडदा द्या, तो खरं तेच करतो. भर चौकात भितो बिचारा, पण पडद्यामागे नाही.

मलाही ते पटलं. ते डांबर, ते नट, तो फोन. म्हटलं, आपली माणसं घाबरलीत, त्यांना आडोसा मिळाला तर बरंच. नगराध्यक्षाबाईंनी विचारलं, गुप्त मतदानाला कोण अनुकूल? मी हात वर केला. आमच्या सगळ्यांचे हात वर झाले. आणि सिल्वियोचाही झाला. त्याच्या मागोमाग उरलेल्या पाचांचेही. तो हसला नाही की काही नाही, नुसता हात वर धरून बसला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निवडणुकीचा पुठ्ठ्याचा आडोसा कोपऱ्यातल्या टेबलावर उभा केला. एकेक जण उठून गेला. गॉटहार्ट परत येताना त्याचा चेहरा असा उजळलेला होता की मला त्याच्या जागी तो पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा माणूस दिसला. नगराध्यक्षाबाईंनी चिठ्ठ्या उघडल्या, दोन ढीग केले, पुन्हा मोजले, आणि चष्मा काढून निकाल वाचला. ठरावाच्या बाजूने नऊ. विरोधात सहा.

कुणी टाळी वाजवली नाही. सिल्वियोच्या लोकांनीसुद्धा नाही. नऊ म्हणजे त्यांचे सहा आणि आमचे तीन, हे गणित पहिलीतल्या पोराला येतं. सगळे टेबलाकडे बघत होते. माझ्या समोरच्या बशीत वडीचा अर्धा तुकडा कुणीतरी ठेवलेला होता.

बैठकीनंतर सगळ्यांनी खाणावळीत जाऊन बिअर प्यायची, ही आमची वहिवाट. पक्ष कुठलाही असो. सिल्वियोचे लोक त्या दिवशी शहाणपणाने घरी गेले, आम्ही नऊ मात्र गेलो. आणि त्या टेबलावर जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळे विचारत होते, कोण असतील हो ते तिघे? नऊच्या नऊ तोंडांनी. एक म्हणाला, अशा माणसाची मला लाज वाटते. एकीने डोळे पुसले. एक म्हणाला, चुकून झालं असेल, चिठ्ठीवरचे गोल फारच जवळजवळ होते. मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. ही डोकी मी वर्षानुवर्षं धुतलेली, कुणाच्या टाळूवर कुठे चामखीळ आहे ते मला ठाऊक. आतलं काही म्हणजे काही दिसेना.

गॉटहार्टने ग्लासला हात लावला नाही. शेवटी म्हणाला, “ज्यांनी ठरावाला मत दिलं त्यांनी सांगून टाका. मी भांडणार नाही. फक्त मला कळू दे.”

खाणावळवाल्याने विचारलं, आणखी एकेक? तर सगळे एकदम हो म्हणाले.

परतताना गॉटहार्ट माझ्याबरोबर चौकापर्यंत आला. बंबखान्यात दिवा होता. तिथे थांबून तो म्हणाला, “जन्मभर सांगत आलो, मार्लीस, पडद्यामागे माणूस खरा असतो.” मग खिडकीकडे बघत म्हणाला, “खराच होता की गं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रुदैनाला सांगायला मीच गेले. ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पोरं शाळेत गेलेली होती. ती इस्त्री करत होती. तिने ऐकून घेतलं, इस्त्री उभी करून ठेवली.

“बाजूने किती?”

“नऊ.”

“ते तर सहा आहेत.”

“हो.”

“मग बाकीचे तीन कोण?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “शपथेवर सांगते, मला माहीत नाही.”

त्याच दुपारी गॉटहार्ट तिच्याकडे गेला आणि म्हणाला, माझा वरचा मजला रिकामा आहे, भाडं नको, आजच सामान हलवू. मी तिथेच होते. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, बसा आता पुढारी बोंबलत, पोरं गावातच राहणार. रुदैनाने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि नकारार्थी मान हलवली.

“घर मिळेल, गॉटहार्ट. घराचं काही नाही. ते सहा मला ठाऊक आहेत. ते समोरून आले की मी रस्ता ओलांडते, इतकी वर्षं ओलांडतेच आहे, त्यात काही मोठंसं नाही. पण उरलेल्यांना मी रोज नमस्कार करते. त्यांच्या आयांना आंघोळ घालते. आता त्यातलं कोण, ते मला कधीच कळणार नाही. मग मी कुणाला नमस्कार करू आणि कुणाला नको? आणि पोरांना काय शिकवू?”

गॉटहार्ट म्हणाला, “मला कर.”

“तुम्हाला करीनच,” ती म्हणाली. आणि मग अगदी हलक्या आवाजात, त्याला लागू नये म्हणून, म्हणाली, “पण सगळ्यांनी हात वर करून मत दिलं असतं तर मी राहिले असते.”

हात वर करून मत द्यायचं असतं तर ते तिघेही आमच्याच बाजूने गेले असते, लाजेकाजेने का होईना. ठरावच पडला असता. हे मला रात्रभर कळत होतं आणि त्यालाही. झाकली मूठ होती, तीच आम्ही आपल्या हाताने उघडायला लावली होती. त्याने कप ठेवला, टोपी घेतली आणि जिना उतरून गेला. कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

नोव्हेंबरच्या मध्यावर निजारने उसना टेम्पो आणला आणि ते लाइपझिगला गेले. मी सामान उतरवायला हात लावला. गॉटहार्ट आला नाही. बाहुल्या मी कागदात गुंडाळायला घेतल्या तर रुदैनाने माझा हात धरला. म्हणाली, त्या खिडकीतच राहू दे. तिथे आमची खोली अंगणाच्या बाजूला आहे, चौथ्या मजल्यावर, तिथल्या लोकांना हे वाचता येत नाही. इथल्यांना येतं. दालन करायला येतील तेव्हा बघू देत, इथून कोण गेलं ते. तालिया उंच परीकडे बघत होती. कैसने टेम्पोतून मला हात केला. मी दुकानात येऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

मला तेव्हा वाटलं होतं, ती बाई मोठी चपराक मारून गेली. आता सिल्वियो त्या बाहुल्या उचलून फेकतो का लपवतो ते बघूच, आणि मी त्याचाच फोटो काढून गावभर करते. मी वाट बघत बसले. कसलं काय. चपराक बसायला गाल तर हवा.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी परंपरा दालनाचं उद्घाटन झालं. बँड, गरम वाइन, मनुकांचा केक, नगराध्यक्षाबाईंच्या हाती कात्री. सिल्वियोने दोन पऱ्या आणि खाणकामगार जिथे होते तिथेच ठेवले, फक्त स्वच्छ पुसून, आणि त्यांच्या मेणबत्त्यांच्या जागी बारीक विजेचे दिवे बसवले. संध्याकाळी चार वाजता आपोआप लागतात. वर रात्रीचं कुणी नसतं. गावाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर त्या खिडकीचा फोटो आला: बंबखान्यात आपली परंपरा पुन्हा उजळली. लोक पोरांना आणून खाली उभं करून फोटो काढतात. आमच्यातले तिघेही आले असतील.

गॉटहार्ट बाहुल्या परत मागायला गेला होता. सिल्वियोने त्याला बसवलं, वाइन दिली, अहो-जाहो केलं. म्हणाला, घराबरोबर मिळालेल्या वस्तू पालिकेच्या होतात, माझ्या हातात काही नाही. आणि तुमचं काम आहे म्हणून तुमचं नावही लावलंय, बघितलंत ना? खरंच लावलंय. पितळी पाटी आहे: कातारी गॉटहार्ट लोएशर यांची कला. त्या दिवसापासून गॉटहार्टने कातयंत्रावर चादर टाकलीय. डिसेंबरात बेकरीवाल्यांकडे मुलगी झाली, तिची खिडकी अजून रिकामी आहे. परिषदेचा राजीनामा त्याने मलाच टपालात टाकायला दिला.

मी माझा दिला नाही. का, ते विचारू नका. बैठकीला जाते, सांडपाण्याच्या नळांवर बोलते, आणि दुकानात येणाऱ्या डोक्यांना साबण लावते. हाताखाली मान टाकून डोळे मिटून पडलेलं माणूस किती विश्वासाने पडतं. मी पाणी कोमट आहे ना विचारते, आणि मनात विचारते, तू होतास का? तू होतीस का? मग टॉवेल गुंडाळते.

इर्मट्राउड आजींना आता मीच आश्रमातून घेऊन येते. आश्रमात माणसं कमी झालीत. रुदैनाच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही. परवाच्या गुरुवारी शेजारच्या खुर्चीत नगराध्यक्षाबाई होत्या, डोक्यावर रंगाचे चिमटे. बाहेर अंधारून आलं आणि समोर बंबखान्यात दिवे लागले. उंच परी, बुटकी परी, खाणकामगार. आजींचे केस धुवून झाले होते, मी फणी हातात घेतली होती.

आजींनी माझा हात बाजूला केला. समोर बघत होत्या आणि चेहरा लहान पोरीसारखा खुलला होता.

“पोरं घरी आली बघ,” त्या म्हणाल्या. “म्हणजे रुदैना आलीच. तू नको विंचरू, तू ओढतेस. थांब जरा, ती येईल.”

मी नगराध्यक्षाबाईंकडे आरशात बघितलं. त्या मांडीवरच्या मासिकाचं पान उलटत होत्या. मी फणी खाली ठेवली. आजींचे ओले केस खांद्यांवर गळत होते, म्हणून त्यांच्या पाठीवर टॉवेल टाकला आणि त्यांच्याबरोबर थांबून राहिले.